वर्गात फोन ठेवायचा कुठं?

जूनच्या पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले. करवीर तालुक्यातल्या एका गावातून त्यांची मुलगी कोल्हापुरात आमच्या शाळेला येते. म्हणाले, "सर, ते मोबाईल पयल्यांदा बंद करा. पोरगी जेवताना बी मान वर करत न्हाई." सभेनं टाळ्या वाजवल्या. पुढं चर्चा एसटीच्या वेळापत्रकावर आली. पाचच मिनिटांत हेच गृहस्थ पुन्हा उभे राहिले. "पोरगीकडं फोन असू दे बरं का सर. संध्याकाळची गाडी चुकली तर आम्हाला कळायचं कसं?" या वेळी टाळ्या नव्हत्या, पण निम्म्या माना हलल्या.

मला ते दोन्ही वेळा बरोबरच वाटले. मी नववी-दहावीला गणित शिकवतो. फोन वर्गात नको हे मला रोज पटतं, आणि फोन पोराजवळ हवा हेही रोज पटतं. गुंता इथंच आहे, आणि तो ‘बंदी हवी की नको’ या एका प्रश्नानं सुटत नाही.

बंदी म्हणजे नेमकं काय बंद?

या विषयाच्या बातम्या आता सारख्याच येतात. फ्रान्सनं २०१८ साली प्राथमिक आणि त्यापुढच्या चार इयत्तांच्या शाळांत फोन वापरायला कायद्यानं मनाई केली. नेदरलँड्सनं जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांतून फोन बाहेर काढला. ब्राझीलनं जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला, तर दक्षिण कोरियाच्या संसदेनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. युनेस्कोनं २०२३ मध्ये मोजणी केली तेव्हा अशी मनाई चारातल्या एकाहून कमी देशांत होती. २०२४ संपताना हा आकडा ७९ शिक्षणव्यवस्थांवर, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांवर गेला होता. ऑस्ट्रेलियाची गाजलेली बातमी मात्र यात मिसळू नका. तिथं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. तो नियम कंपन्यांसाठी आहे, त्याचा शाळेच्या दप्तराशी संबंध नाही.

आता ‘बंदी’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो. फोन शाळेच्या फाटकातच आणायचा नाही, ही एक. आणायचा, पण आल्यावर जमा करायचा, ही दुसरी. आणायचा, बंद करून दप्तरात ठेवायचा आणि बाहेर काढायचा नाही, ही तिसरी. परदेशातले बहुतेक कायदे वापरावर बंधन घालतात आणि आजारपण, अपंगत्व, शिक्षकानं सांगितलेला अभ्यास यांना सूट देतात. पालकसभेत मात्र एक जण पहिली गोष्ट मनात धरून बोलतो, दुसरा तिसरी धरून, आणि अर्धा तास वाद होतो. पालकांनो, पुढच्या सभेत हात वर करून आधी एवढंच विचारा, की यांतली कुठली.

डोक्यातला ओटा

फोन वर्गात नको, याचं कारण ‘मुलं बिघडतात’ असं सांगितलं जातं. ते मोघम आहे. कारण जास्त साधं आहे, आणि ते मुलाइतकंच तुम्हालाही लागू पडतं.

आपण विचार करतो तेव्हा लागणाऱ्या गोष्टी डोक्यात थोडा वेळ मांडून ठेवतो. मानसशास्त्रात याला कार्यस्मृती म्हणतात, आपण ओटा म्हणू. ओटा लहान असतो. त्यावर एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात, असं आजचे संशोधक मानतात. दहावीच्या वर्गसमीकरणात मी विचारतो, अशा दोन संख्या सांगा की बेरीज ५ आणि गुणाकार ६. पोराच्या ओट्यावर पाच आहे, सहा आहे, जोड्या तपासणं चालू आहे. दोन आणि तीन सापडतात. आता शेवटची पायरी उरली. अवयव बेरजेचे आहेत म्हणून उत्तरं उणे दोन आणि उणे तीन. नेमकं इथं दप्तरात काहीतरी थरथरतं. पोरगं फोन काढत नाही, नुसतं ‘कोण असंल?’ एवढंच मनात म्हणतं. पण त्या ‘कोण’ला ओट्यावर जागा लागते, आणि काहीतरी खाली पडतं. बहुतेक वेळा उणे चिन्हच पडतं. ‘सर, येत होतं पण चिन्ह चुकलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा मला राग येत नाही.

पूर ओसरतो, गाळ राहतो

लोक म्हणतात, फोन बघितला तर बघितला, दहा सेकंदांत ठेवला की परत. कोल्हापूरकरांना हे वेगळ्या भाषेत सांगतो. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांनी घरात बघितला, त्यांना माहीत आहे की पाणी उतरलं म्हणजे घर राहण्याजोगं झालं असं नसतं. गाळ राहतो. तो खरवडून काढायला पाण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली हेच दाखवलं, अर्थात गाळाचं नाव न घेता. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडं वळलं की पहिल्याचा अंश मनात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं. तिचा अभ्यास कचेरीतल्या कामांसारख्या कामांवर होता, पण अर्धवट सोडलेली चॅट आणि अर्धवट सोडलेली फाईल यांत मनाच्या दृष्टीनं फरक कमीच. एकदा लक्ष उडालं की ते पूर्ण परत यायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असं युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे. निम्मा लागतो असं धरलं, तरी आमचा तास ३५ मिनिटांचाच असतो.

आता पोरं फोन परत परत का बघतात? पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसलेला माणूस आठवा. मासा दर पाच मिनिटांनी लागत असता तर तो मधल्या वेळात निवांत चहाला गेला असता. कधी लागेल सांगता येत नाही, म्हणूनच तो उठत नाही. बक्षीस अनिश्चित असलं की सवय घट्ट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून फार पूर्वी दाखवलं. नोटिफिकेशन, म्हणजे फोननं दिलेली ‘काहीतरी आलंय’ अशी हाक, नेमकी या गळासारखी असते. दहातल्या नऊ हाका फालतू असतात, दहावी मैत्रिणीची असते. (गळ आणि गाळ, दोन्ही नदीकाठचेच निघाले. ठरवून नाही आणले.)

फोन नुसता समोर असला तरी डोकं मंदावतं का, यावर टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७ चा प्रयोग बराच गाजला. फोन टेबलावर, फोन खिशात किंवा पिशवीत, फोन दुसऱ्या खोलीत, असे तीन गट केले. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांनी सगळ्यांत चांगलं काम केलं, आणि फोन तर सगळ्यांचेच मुके होते. पण पुढं इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा निकाल प्रत्येक वेळी सारखे आले नाहीत. म्हणून या प्रयोगावर मी सगळा डोलारा उभा करणार नाही. एवढं मात्र माझ्या वर्गातही दिसतं, की खोलीच्या टोकाला असलेला फोन मुलं विसरतात आणि मांडीखालचा विसरत नाहीत.

माझा फोन, तुला काय त्रास?

हा प्रश्न मला नववीतल्या एका मुलानं अगदी सरळपणे विचारला होता. पूर्वी एसटीत कुणीतरी बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, मी ओढतोय, तुला काय? धूर मात्र सगळ्या गाडीभर. पिसा नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. २०२२ च्या फेरीत भारत नव्हता. त्यात विकसित देशांच्या गटातल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं, की निदान काही गणिताच्या तासांना डिजिटल साधनांमुळं आपलं लक्ष उडतं. आणि ५९ टक्क्यांनी सांगितलं, की दुसऱ्यानं साधन वापरल्यामुळं उडतं. दोन आकड्यांत अंतर किती थोडं आहे बघा.

शिवाय शिक्षकाचा वेळ. एका तासाला तीनदा ‘फोन ठेव’ म्हणायला लागलं आणि दर वेळी समज, सबब, हशा मिळून दोन मिनिटं गेली, तर सहा मिनिटं झाली. वर्गात साठ मुलं. एका पोराच्या फोनपायी साठ जणांची मिळून सहा तासांची शाळा बुडाली. हे गणित मी फळ्यावर मांडलं, तेव्हा त्या पोरानं फोन दप्तरात टाकला. दुसऱ्या दिवशी परत काढला, ते सोडा.

मग बंदी केली की मार्क वाढतात?

थोडे वाढतात, कुणाचे तरी वाढतात, आणि कधी वाढतही नाहीत. यात गोड बोलण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. फोनवर बंदी घातलेल्या शाळांत निकाल थोडा सुधारला, आणि सगळ्यांत जास्त फायदा अभ्यासात मागं असलेल्या मुलांना झाला. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही, त्यांचं फोन असतानाही बरं चाललेलं असतं. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केला तर फरक सापडला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठानं ३० शाळांतल्या १,२२७ मुलांची पाहणी लँसेट समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. फोनला मोकळीक असलेल्या आणि मनाई असलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. शाळेच्या वेळेत फोन कमी वापरला गेला, पण दिवसाचा एकूण वापर काही घटला नाही. आणि ज्या मुलांचा एकूण वापर जास्त, त्यांची झोप, वागणूक, मनःस्थिती मात्र जास्त खराब होती.

माझ्या दृष्टीनं या सगळ्यात इंग्लंडमधलं निरीक्षण महत्त्वाचं आहे. ज्याच्या घरी शिकवणी नाही, ज्याला समजावायला कुणी नाही, त्याच्यासाठी वर्गातली पस्तीस मिनिटं हीच सगळी पुंजी. ती फुटली तर भरून द्यायला मागं कुणी नसतं. म्हणून मी फोन दूर ठेवण्याच्या व्यवस्थेच्या बाजूनं आहे, चमत्काराच्या आशेनं नव्हे.

आणि बर्मिंगहॅमवाल्यांनी जे दाखवलं ते शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्येच ओळखलं होतं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. शाळा सुटल्यावरचे तास शाळेच्या ताब्यात नसतात, ते गावाच्या असतात. यातली मख्खी अशी, की भोंगा पोरांसाठी वाजला तरी मोबाईल थोरांनाही ठेवावा लागतो.

फोन दिला कुणी?

आम्हीच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही घराघरात निरोप धाडले, की ऑनलाईन तासाला हजर राहायचं असेल तर स्मार्टफोन लागेल. दुधाच्या बिलातून हप्ते कापून घेऊन लोकांनी फोन घेतले. आता तोच फोन विष आहे असं आम्ही सांगतो, आणि वर संध्याकाळी गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो. पोरगं फोन मागतं, आई ओरडते, पोरगं म्हणतं ‘सरांनीच टाकलंय’. खरंच टाकलेलं असतं. माझ्या मते फोनच्या नियमाची सुरुवात इथून व्हायला हवी. गृहपाठ फळ्यावर लिहावा, वहीत उतरवून घ्यावा.

‘पण अभ्यासही होतोच की फोनवर’ हे खरं आहे. बालभारतीच्या पुस्तकांतच दीक्षा या सरकारी ॲपचे क्यूआर कोड छापलेले आहेत. पण प्रथम संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. चालवता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. वर्गात क्यूआर कोड दाखवायचा तर चौघांत एक फोन पुरतो, तोही शिक्षकानं सांगितल्यावर काढायचा आणि काम झालं की परत ठेवायचा. चौघांनी एका पडद्यात डोकं घातलं की इन्स्टाग्राम आपोआप बंद राहतं.

काहींना सूट हवीच. टाइप १ मधुमेहाच्या मुलाच्या दंडावरचा सेन्सर साखरेचा आकडा फोनवर दाखवतो, दृष्टिहीन मुलीचा फोन तिला मजकूर वाचून दाखवतो. त्यांच्या बाबतीत वर्गापुढं चर्चाही करू नये, मुख्याध्यापकांशी बोलून मोकळं व्हावं.

‘म्हशी’

आता जप्तीकडं येऊ. यात मी स्वतः शेण खाल्लंय, म्हणून सविस्तर सांगतो.

दहावीतल्या एका मुलाचा फोन मी तासाला काढून घेतला. त्या वेळचा नियम होता, पालक आल्याशिवाय परत नाही. शाळा सुटताना ऑफिसच्या कपाटाला कुलूप लागलेलं, म्हणून फोन पिशवीत टाकला आणि घरी नेऊन विसरलो. पहाटे साडेचारला तो वाजायला लागला. पडद्याला लॉक होतं, पण गजराचं नाव स्वच्छ दिसत होतं: म्हशी. कसाबसा गप्प केला. पाच मिनिटांनी परत. म्हशी. बायको म्हणाली, "इथं आपण उठलो, तिथं ते पोरगं झोपलं असंल." तसंच झालं होतं. सकाळी वडील आले. धारा उशिरा झाल्या, डेअरीला दूध वेळेत घालता आलं नव्हतं. माणूस सभ्य. आवाज न चढवता म्हणाले, "सर, फोन घ्या, पायजे तर म्हैनाभर ठेवा. गजर तेवढा द्या."

मी ज्याला चैनीची वस्तू समजून कपाटात कोंबत होतो, ती त्या घरात घड्याळाच्या जागी होती. कित्येक घरांत पोराच्या हातातल्या फोनमध्ये बापाचं सिम असतं, बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅसचं बुकिंग त्यावरून होतं. फोन आठवडाभर अडकवला की पोराला शिक्षा कमी आणि घराला जास्त होते. तेव्हापासून माझ्यापुरता नियम ठरला. घेतलेला फोन त्याच दिवशी, शाळा सुटताना परत.

कायद्याच्या बाजूनंही हेच शहाणपणाचं आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की ती आपल्याच वस्तूसारखी, सामान्य समजुतीच्या माणसाइतकी काळजी घेऊन सांभाळावी लागते, असं १८७२ चा करार कायदा सांगतो. ऑफिसातून फोन गेला तर ‘आम्ही जबाबदार नाही’ ही पाटी फार उपयोगी पडेल असं समजू नका. फोन फोडणं, पाण्यात बुडवणं असले व्हिडिओ फिरतात, तो प्रकार तर बोलायच्याही लायकीचा नाही. आणि घेतलेल्या फोनमधले फोटो, चॅट चाळायचे नाहीत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय, आणि मुलं त्यातून वगळलेली नाहीत. गंभीर काही संशय असेल तर पालकांना बोलवावं, फोन त्यांच्यासमोर मुलालाच उघडू द्यावा.

दंड? काही पालकच सुचवतात, पाचशे रुपये लावा, सुतासारखी सरळ होतील. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा दंड ठेवला होता. महिन्याला एक रुपया, पण मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला. पोराला शाळेत धाडणं बापाच्या हातात होतं, म्हणून त्या दंडाला अर्थ होता. चौथ्या तासाला पोरगं बाकाखाली रील बघतंय हे शेतातल्या बापाच्या हातात कसं असणार?

दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात मधला मार्ग काढला. सरसकट बंदी इष्टही नाही आणि जमणारीही नाही. सोय असेल तिथं फोन जमा करून घ्या, वर्गात आणि शाळेच्या गाडीत वापर नको, सुरक्षिततेसाठी संपर्क होऊ द्या, नियम पालकांशी बोलून ठरवा. हा निकाल महाराष्ट्रातल्या शाळांवर बंधनकारक नाही, पण ज्यांना शून्यातून नियमावली लिहायची आहे त्यांना आयता आराखडा मिळतो.

गाडी चुकली तर?

सभेतल्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न. याचं उत्तर दिल्याशिवाय फोन जमा करून घेणं म्हणजे पालकाच्या विश्वासाशी खेळणं.

आमच्याकडं पावसाळ्यात हा प्रश्न फार खरा होतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. बंधारे पाण्याखाली जातात, गाड्या बंद होतात, आणि पन्हाळ्याकडची, करवीरच्या खेड्यांतली पोरं शहरात अडकतात. अशा वेळी फोन हातात असावा असं वाटणं साहजिक आहे. पण एका जुलैत मी उलटंच बघितलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली. ते दरवाजे जवळपास दरवर्षी उघडतात, धरण भरलं की आपोआप उघडण्यासाठीच ते बसवलेत. वर्गातल्या पंधरा-वीस फोनांवर ती दहा मिनिटांत ‘धरण फुटलं’ होऊन पोचली. दोन मुली रडायला लागल्या, चार पोरं न सांगता दप्तर उचलून दाराशी. मी काय बोलतोय ते कुणाला ऐकू येत नव्हतं. संकटात मुलांनी एका माणसाकडं बघायला लागतं, आणि ती सगळी खाली बघत होती.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. शाळेचा एक नंबर हवा, आणि तो उचलणारा एक माणूस हवा. बऱ्याच शाळांचा जुना लँडलाईन कधीच मेलाय, आणि मुख्याध्यापकांचा मोबाईल सभेत मुका असतो. एक साधा बटणाचा फोन ऑफिसात ठेवा, शिपाईमामांच्या हाती द्या, नंबर प्रत्येक पोराच्या डायरीत लिहा. घरून निरोप आला तर पाच मिनिटांत वर्गात पोचला पाहिजे. पालक महिनाभर पारखून बघतात. एकदा निरोप पोचतो हे कळलं, की ‘फोन जवळ हवाच’ हा आग्रह निम्मा होतो. आणि शाळा सुटली की पोराचा फोन पोराच्या हातात असतोच. गाडी चुकते ती शाळा सुटल्यावर.

‘जॅमर बसवा की’ असंही एक जण म्हणाले होते. सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदेशीर आहे, आणि शाळेशेजारच्या दवाखान्याचा फोन बंद पडला तर निस्तरणार कोण? विषय संपला.

चप्पल स्टँड

अंबाबाईच्या दर्शनाला जाताना आपण चप्पल स्टँडवर काढतो, टोकन घेतो, आत जातो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. सगळ्यांचीच चप्पल तिथं असते, कलेक्टरसाहेबांचीही. आत जायच्या आधी काढायची असते, गाभाऱ्यापाशी कुणी येऊन पायातून खेचत नाही. आणि बाहेर आल्यावर आपलीच परत मिळते. यातलं एक जरी बिघडलं, समजा फक्त तुम्हालाच काढायला लावली, तर महाद्वारात भांडण होईल.

वर्गात आम्ही हेच केलं. एका मुलीची आई शिवणकाम करते, तिनं जाड कापडाची, कप्प्याकप्प्यांची एक लांब झोळी शिवून दिली. कप्प्यांवर हजेरी क्रमांक. ती फळ्याच्या बाजूच्या भिंतीला टांगली, सगळ्यांच्या नजरेसमोर. पहिल्या दिवशी एकेकाला बोलावून फोन ठेवायला लावले तर दहा मिनिटं गेली. आता परिपाठाला जायच्या आधीच ज्याचा त्यानं बंद करून ठेवायचा, रांगेच्या मॉनिटरनं कप्पे बघायचे. परिपाठ आणि मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप, किल्ली माझ्याकडं.

पळवाटा निघाल्याच. दुसऱ्या आठवड्यात एका कप्प्यात काच तडकलेला, बॅटरी फुगलेला फोन दिसायला लागला. खरा फोन पोराच्या मोज्यात. तो सापडला अंगझडतीनं नव्हे, ती कधी घेऊही नये. शाळा सुटली की सगळी पोरं झोळीवर तुटून पडतात. हा पठ्ठ्या कप्प्याकडं न बघता सायकल काढून घरी गेला. तीन दिवस त्याचा ‘फोन’ भिंतीवरच. चौथ्या दिवशी मी तो त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "अरे, तीन दिवस फोनशिवाय राहिलास, कौतुक आहे." वर्ग हसला, तोही हसला. दुसऱ्या दिवशी खरा कप्प्यात आला.

आणि मास्तरांचा?

पोरांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला. आमच्या फोनवर दिवसभर ‘तातडीने माहिती भरा’ असे निरोप येत असतात. उपस्थिती, फोटो, लिंक, पुन्हा फोटो. अर्ध्या तासात भरायची माहिती सहा महिन्यांपूर्वीही भरलेली असते. त्यामुळं शिक्षक तासाला फोन काढतो तेव्हा तो खरंच कामात असू शकतो. पण चौथ्या बाकावरच्या पोराला माझी लिंक आणि त्याची रील यांतला फरक दिसत नाही, आणि का दिसावा?

वर्गात बासष्ट मुलं आहेत. त्रेसष्टावा कप्पा माझा. नियम सगळ्यांना एकच, कप्प्यात वाजलेला फोन पाच वाजेपर्यंत ऑफिसात.

मागच्या मंगळवारी त्रेसष्ट नंबर वाजला. सकाळी बंद करायचा विसरलो होतो. वर्ग श्वास रोखून माझ्याकडं बघत होता. मी काही बोलायच्या आत मॉनिटर मुलगी उठली, कप्प्यातून फोन काढला आणि शिपाईमामांकडं देऊन आली. जाताना विचारलं तेवढं, "जाऊ ना सर?"

सव्वाबाराला क्लार्क धापा टाकत दारात. "सर, वरनं दोनदा विचारणा झालीया. बाराच्या आत माहिती भरायची हुती, का भरली न्हाई?"

मी खडू खाली ठेवेपर्यंत शेवटच्या बाकावरून उत्तर गेलं.

"सरांचा फोन पाचला मिळंल."